डिप्लोमा वटतो कुठे? बालशिक्षिकांच्या परदेशी नोकरीचं गणित

शेजारच्या इमारतीतल्या एक ताई परवा मोबाईल पुढे करून म्हणाल्या, "हे खरं आहे का हो?" ताई नऊ वर्षं एका बालवाडीत शिकवतात. पोरं 'टीचर टीचर' करत भाजीबाजारातही त्यांच्या मागे धावतात. मोबाईलवर जाहिरात होती: कॅनडा, ऑस्ट्रेलियात बालशिक्षिका पाहिजेत, आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) नको, अनुभव नको, व्हिसाची हमी, आजच टोकन भरून जागा पक्की करा.

मी म्हटलं, पहिली ओळ खरी आहे. तिच्याखालची एकही नाही.

मागणी खरंच असेल, तर ताईंसारखी अनुभवी बाई तिथे सरळ का पोचत नाही? या प्रश्नाचं उत्तर व्हिसाच्या ऑफिसात मिळत नाही. ते मिळतं बालवाडीच्या वर्गात, मुलं मोजताना.

एवढी माणसं लागतात कशाला?

आपली बालवाडी एसटीसारखी असते. जागा संपली तरी चार जण उभे राहतात, कंडक्टर "सरका पुढं" म्हणतो आणि गाडी सुटते. एका वर्गात तीस मुलं, एक बाई, एक मदतनीस मावशी. पस्तिसावं मूल आलं तरी कोणी परत पाठवत नाही.

परदेशातलं बालकेंद्र विमानासारखं असतं. उभ्याने कोणी जात नाही. किती मुलांमागे किती मोठी माणसं हवीत, हे कायद्याने ठरलेलं असतं. याला तिथे 'रेशो' म्हणतात. ऑस्ट्रेलियात दोन वर्षांखालच्या ४ बाळांमागे एक एज्युकेटर, म्हणजे मुलांसोबत काम करणारी पात्र व्यक्ती, लागते. दोन ते तीन वर्षांच्या ५ मुलांमागे एक आणि त्यापुढच्या ११ मुलांमागे एक, असं साधारण प्रमाण आहे, राज्यागणिक थोडा फरक. कॅनडातल्या ओंटारियोत दीड वर्षाखालच्या १० बाळांमागे तिघं, शाळापूर्व वयाच्या ८ मुलांमागे एक. नॉर्वेत तीन वर्षांखालच्या ३ मुलांमागे एक.

आता बारा बाळांची एक खोली धरा. ऑस्ट्रेलियाच्या हिशेबाने तिथे कायम तीन जणी हव्यात. केंद्र सकाळी सातला उघडतं, संध्याकाळी सहाला बंद होतं, आणि एका बाईची पाळी साडेसात-आठ तासांची. जेवणाची सुट्टी, रजा, आजारपण धरलं तर तिघींच्या जागी पाच जणी पगारावर ठेवाव्या लागतात. एकीने सकाळी फोन करून "ताप आलाय" सांगितलं की संचालिकेची धावाधाव सुरू. बदली बाई मिळाली नाही, तर खोली बंद ठेवून आईबापांना घरी पाठवायचं. "आज जरा सांभाळून घ्या" हे वाक्य तिथे चालत नाही.

त्यात सरकारांनी मागणी आणखी वाढवली. जर्मनीत १ ऑगस्ट २०१३ पासून वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला बालकेंद्रात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. कॅनडाच्या केंद्र सरकारने २०२१ च्या अर्थसंकल्पात दिवसाला सरासरी १० डॉलरमध्ये पाळणाघर देण्याचं लक्ष्य ठेवलं. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२५ पासून नोकरदार आईबापांच्या नऊ महिन्यांपुढच्या बाळांना आठवड्याला ३० तासांची सरकारी मदत मिळते. फी उतरली, मुलं वाढली, रेशो मात्र तोच. मग माणसं कमी पडणारच.

मग पगार का वाढत नाही?

हा प्रश्न ताईंनी लगेच विचारला, आणि तो रास्त आहे. कांदा कमी पडला की भाव चढतो, मग शिक्षिका कमी पडल्या तर पगार का चढू नये?

कारण रेशोच आडवा येतो. सॉफ्टवेअरवाला एकदा प्रोग्रॅम लिहून लाखांना विकतो. बाळं सांभाळणाऱ्या बाईचा पगार मात्र चारच घरांनी मिळून भरायचा असतो, आणि त्या घरांचंही घरभाडं आहेच. सरकारने पैसे ओतले तरच पगार हलतो. ऑस्ट्रेलियात तसंच झालं: सरकारने निधी देऊन दोन वर्षांत १५ टक्के वाढ जाहीर केली, त्यातली १० टक्के डिसेंबर २०२४ पासून आणि उरलेली वर्षभराने.

ओंटारियोत २०२४ साली नोंदणीकृत बालशिक्षिकेला किमान ताशी २३.८६ डॉलर देणं सरकारी योजनेतल्या केंद्रांवर बंधनकारक होतं. आठवड्याला साडेसदतीस तास धरले तर महिन्याला साधारण ३,९०० डॉलर, तेही कर कापण्याआधी. रुपयांत गुणाकार केला की आकडा डोळे दिपवतो. पण टोरांटोत एका बेडरूमच्या घराचं भाडंच दोन हजार डॉलरच्या वर जातं. तेव्हा रुपयांत गुणाकार करूच नका. डॉलरमध्ये कमावायचं, डॉलरमध्येच दूध आणायचं. एकटीच्या पगारावर टोरांटोसारख्या शहरात कुटुंब चालवणं कठीण असतं. घरात दोघं कमावते असतील तर ही चांगली, सन्मानाची नोकरी आहे.

'टीचर' हा एकच हुद्दा नाही

इथे गोंधळ सुरू होतो. आपल्याकडे बालवाडीत जी उभी राहिली ती टीचर. दवाखान्यात मात्र आया, नर्स आणि डॉक्टर यांतला फरक आपल्याला नीट कळतो. आयाबाई कितीही अनुभवी असली तरी इंजेक्शन नर्सच देणार. परदेशात बालशिक्षण तसंच पायऱ्यांचं आहे.

ऑस्ट्रेलियाच्या तीन पायऱ्या बघा. सगळ्यांत खाली 'सर्टिफिकेट थ्री', साधारण वर्षभराचा अभ्यासक्रम. त्यावर 'डिप्लोमा'. केंद्रातल्या रेशोत मोजल्या जाणाऱ्या निम्म्या जणींकडे हा डिप्लोमा हवा, किंवा त्या तो करत असायला हव्यात. सगळ्यांत वर 'अर्ली चाइल्डहुड टीचर', म्हणजे पदवीधर शिक्षिका. व्हिसाच्या याद्यांत या तिघींचं स्थान सारखं नसतं. जाहिरातवाला मात्र तिन्ही पायऱ्यांना एकच नाव देतो आणि वरच्या पायरीचा पगार दाखवून खालच्या पायरीचा कोर्स विकतो.

ओंटारियोत तर 'अर्ली चाइल्डहुड एज्युकेटर' हा हुद्दाच कायद्याने राखलेला आहे. २००७ च्या कायद्यानुसार तिथे नोंदणीसाठी स्वतंत्र संस्था आहे, आणि तिच्याकडे नाव नोंदवल्याशिवाय स्वतःला तसं म्हणवून घेता येत नाही. वकिलाला सनद लागते, तसंच.

डिप्लोमा म्हणजे चेक

तुमच्या हातातला डिप्लोमा हा एक चेक समजा. त्यावर रक्कम लिहिली आहे, सही आहे, शिक्का आहे. पण तिथल्या बँकेत तो वटतो की नाही, हे ती बँक ठरवते. या तपासणीला पात्रता-पडताळणी म्हणू. ऑस्ट्रेलियात हे काम अ‍ॅसेक्वा नावाची राष्ट्रीय संस्था करते. न्यूझीलंडमध्ये आधी पात्रता प्राधिकरण, मग शिक्षक परिषद. कॅनडात प्रांतागणिक वेगळं दार. जर्मनीत १६ राज्यं आणि प्रत्येकाची आपली कचेरी.

ही बँक तीन गोष्टी बघते.

पहिली, वयोगट. इथे भल्याभल्यांचे चेक परत येतात. "माझं बी.एड. आहे" असं अभिमानाने सांगणाऱ्या बाईंना धक्का बसतो, कारण बी.एड. मोठ्या मुलांना विषय शिकवण्यासाठी आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२३ मध्ये बी.एड. ही प्राथमिक वर्गांसाठीची पात्रता नाही असा निकाल दिला. तिथली संस्था तर जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांबद्दल तुम्ही काय शिकलात, ते विचारते.

आणि 'जन्मापासून' या शब्दावर पुन्हा अडायला होतं. आपली बालवाडी तीन वर्षांना सुरू होते, फार तर अडीचला. दीड वर्षाचं बाळ म्हणजे आपल्या लेखी आजीचं काम किंवा पाळणाघराचं, शिक्षणाचं नाहीच. तिथे सगळ्यांत जास्त माणसं लागतात ती नेमकी याच वयाला, कारण रेशो तिथेच सगळ्यांत कडक. आपल्या बहुतेक अभ्यासक्रमांत हा भाग पानभरात उरकलेला असतो.

दुसरी गोष्ट, प्रत्यक्ष सराव. ऑस्ट्रेलियातल्या पदवी अभ्यासक्रमात किमान ८० दिवस देखरेखीखाली मुलांसोबत काम करावं लागतं, त्यातले काही दिवस तीन वर्षांखालच्या मुलांबरोबर. आपल्याकडे "दोन आठवडे पाठ घेतले" असं गुणपत्रिकेच्या कोपऱ्यात कुठेतरी असतं, बऱ्याचदा तेही नसतं.

तिसरी, संस्थेची मान्यता. गल्लीच्या टोकाला सहा महिन्यांचा नर्सरी टीचर ट्रेनिंगचा कोर्स चालतो, शेवटी सोनेरी कडांचं प्रमाणपत्र मिळतं. त्यामागे विद्यापीठ किंवा शासनमान्य मंडळ आहे का? राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने पूर्व-प्राथमिकसाठी बारावीनंतर दोन वर्षांची पदविका ठरवली आहे. इग्नूची बालसंगोपन आणि शिक्षणाची पदविका आहे. एसएनडीटीसारख्या विद्यापीठांत मानवी विकासाची पदवी आहे. यांची कागदपत्रं निदान खिडकीवर घेतली तरी जातात. सोनेरी कडांचं पुष्कळदा तिथूनच परत येतं.

पडताळणी आधी होते, व्हिसाचं नंतर बघायचं. लोक उलट करतात: आधी एजंट, मग पासपोर्ट, मग टोकन, आणि शेवटी कळतं की चेकच वटत नाही.

कुठलं दार किती उघडं?

इंग्लंडचं दार सध्या अरुंदच. शाळेत शिकवण्याचा दर्जा तिथे परदेशी शिक्षकांना थेट मिळू शकतो. भारतासाठी मात्र तो मोठ्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांपुरता आहे. जुलै २०२५ मध्ये कुशल कामगार व्हिसाची पात्रता पदवीच्या पातळीवर नेली, त्यामुळे नर्सरीतल्या खालच्या पायऱ्यांना जवळपास वाव नाही.

जर्मनीत गरज मोठी. 'किंडरगार्टन' हा शब्द जगाला दिला तो तिथल्या फ्रोबेलने, आणि एका नामांकित प्रतिष्ठानाने २०२३ मध्ये तिथे बालकेंद्रांत मुलांसाठीच्या सुमारे ४ लाख ३० हजार जागा कमी असल्याचा अंदाज दिला होता. पण भाषा! बी-२, म्हणजे सहा पायऱ्यांतली चौथी, एवढी जर्मन लागते, काही राज्यांत त्याहून वरची. तीन वर्षांचं मूल तुमच्याशी इंग्रजीत भांडणार नाही. शिवाय पूर्व जर्मनीत जन्मदर घसरल्याने काही ठिकाणी आता मुलंच कमी पडू लागली आहेत, तेव्हा 'जर्मनी' म्हणून मोघम विचार नको, राज्याचं नाव घेऊन विचार करा. नॉर्वे, फिनलंडलाही तिथल्या भाषेची अशीच अट.

दुबई-अबुधाबीत इंग्रजी आणि भारतीय पद्धतीच्या नर्सरी आहेत, जाणं तुलनेने सोपं. पण प्रमाणपत्रांवर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि मग दूतावास अशी शिक्क्यांची माळ लागते. कायमचं नागरिकत्व हा तिथला मुद्दाच नाही, जितकी नोकरी तितका मुक्काम.

आणखी एक वाट आहे, तिची जाहिरात कमी होते. एएमआय, म्हणजे मारिया मॉन्टेसरींनी १९२९ मध्ये स्थापलेली आंतरराष्ट्रीय संस्था. तिची पदविका बऱ्याच देशांतल्या मॉन्टेसरी शाळा ओळखतात. ती सरकारी परवान्याची जागा घेत नाही, पण दार ठोठवायला उपयोगी पडते. मॉन्टेसरीबाई १९३९ मध्ये मद्रासला आल्या, युद्धामुळे इथेच अडकल्या, आणि त्या काळात त्यांनी शेकडो भारतीय शिक्षक तयार केले. त्यामुळे हे शिक्षण आपल्याला परकं नाही.

नऊ वर्षांच्या अनुभवाचं काय?

अनुभव आहे, पण तो कागदावर त्यांच्या भाषेत हवा. ताईंच्या बालवाडीने दिलेला दाखला असा होता: "सदर शिक्षिका आमच्या संस्थेत कार्यरत आहेत. त्यांची वर्तणूक चांगली असून त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा." वर्तणूक चांगली हे कळलं. पण आठवड्याला किती तास? कुठल्या वयाची मुलं? वर्गात किती? कोणाच्या देखरेखीखाली? काय काम? यातलं अक्षरही नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात बालशिक्षिकेच्या पाच वर्षांच्या प्रमाणपत्रासाठी ५०० तासांचा अनुभव मागतात. तासांचा! शुभेच्छांचे तास कसे मोजणार?

कौशल्याची मात्र लाज वाटून घेऊ नका. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वाड्यांच्या अंगणात मुलं गोळा करून जे उभं केलं, बिया, पानं, शंख-शिंपले, काड्या यांतून गणित आणि भाषा, त्याला परदेशात आज 'लूज पार्ट्स' म्हणतात आणि त्यावर कार्यशाळा होतात. हा शब्द १९७१ मध्ये एका ब्रिटिश कलावंताने रूढ केला. आपल्या बाया त्याच्या कितीतरी आधीपासून चिंचोके मांडत होत्या.

फक्त एक लक्षात ठेवा: तीन वर्षांखालच्या मुलांसमोर चिंचोके मांडलेत, तर केंद्राची संचालिका धावत येईल. गिळून घशात अडकेल अशी वस्तू त्या वयाला वर्ज्य. तसाच वाढदिवसाला नेलेला शेंगदाण्याचा लाडू. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी तिथे इतक्या गंभीरपणे घेतात की अनेक केंद्रांच्या दारावरच 'दाणे नकोत' अशी पाटी असते. न्यूझीलंडमध्ये झोपलेल्या बाळाजवळ दर पाच-दहा मिनिटांनी जाऊन श्वास आणि ऊब बघायची, हा नियम आहे. ऑस्ट्रेलियात टोपी नाही तर अंगणात खेळ नाही. आणि मुलं 'टीचर' म्हणत नाहीत, थेट नावाने हाक मारतात. पहिला आठवडा ते कानाला खटकतं म्हणे.

"माझं इंग्रजी तसं बरं नाही"

गाणी-गोष्टींपुरतं इंग्रजी लवकर येतं. अडतं ते लिहिण्यात. मूल घसरगुंडीवरून पडलं तर किती वाजता, कुठल्या गुडघ्याला, कोणी पाहिलं, काय केलं, हे त्याच दिवशी लिहून आईची सही घ्यावी लागते. शिवाय प्रत्येक मुलाबद्दल निरीक्षणं. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय बालशिक्षण आराखड्याचं नाव 'ते व्हारिकी', माओरी भाषेत विणलेली चटई. १९९६ मध्ये आलेल्या या आराखड्याभोवती 'शिकण्याची गोष्ट' लिहिण्याची पद्धत रुजली: आज अमुकने ठोकळे रचताना काय केलं, त्यातून काय दिसलं, पुढे काय करू. आपण बाया या गोष्टी आईला गेटवर तोंडी सांगतो. तिथे त्या लिहायच्या असतात. म्हणून रोज एका मुलाबद्दल इंग्रजीत पाच ओळी लिहायची सवय कुठल्याही महागड्या क्लासपेक्षा जास्त कामी येते.

"तिथेच जाऊन कोर्स केला तर?"

हा मार्ग खरा आहे, पण पैशाचा. ऑस्ट्रेलियाचं विद्यार्थी व्हिसाचं नुसतं अर्जशुल्क जुलै २०२४ मध्ये ७१० वरून १,६०० डॉलर झालं, वर्षभराने २,००० डॉलर. अर्ज फेटाळला तरी ते परत मिळत नाही. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेजचे अभ्यासक्रम करणाऱ्यांना शिक्षणानंतरचा कामाचा परवाना सरकारी यादीतल्या विषयांनाच मिळतो, आणि या याद्या बदलत राहतात. २०२५ मध्ये तिथे कायमच्या वास्तव्यासाठीच्या निवडीत शिक्षण हा स्वतंत्र गट केला, त्यात बालशिक्षिका आहेत. ही चांगली बातमी. पण कर्ज पाच वर्षांचं आणि यादी एका वर्षाची असेल, तर धोका कोणाच्या पदरी आहे ते कागदावर मांडून बघा. प्रवेश घेण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरची यादी स्वतः वाचायची. कॉलेजच्या दलालाने पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे यादी नव्हे.

एजंट नकोच का?

असं नाही, पण ओळखून घ्या. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटची १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंद लागते. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नाव टाकून ती तपासता येते. त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. "दोन लाख, त्यातले पन्नास आज" म्हणणारा तिथेच संपतो. कॅनडाच्या स्थलांतराबद्दल पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर तिथला परवाना किंवा वकिली लागते. त्याचा परवाना क्रमांक मागा.

ताईंनी दाखवलेल्या जाहिरातीतलं नाव आम्ही तिथल्या तिथे शोधलं. नोंद नव्हती. टोकन वाचलं.

त्यानंतर ताई बालवाडीच्या ऑफिसात गेल्या. मुख्याध्यापिकांनी कपाटातून हजेरीपटाच्या वह्या काढून दिल्या आणि दोघींनी बसून हिशेब मांडला. रोज चार तास, वर्षाला सुमारे दोनशे दिवस, असे ७,२०० तास. नव्या दाखल्यात वयोगट लिहिला, पटसंख्या लिहिली, कामं लिहिली, मुख्याध्यापिकांचा फोन नंबर घातला. एकाच रकान्यात काही लिहिण्यासारखं नव्हतं: तीन वर्षांखालच्या मुलांसोबतचे तास. तिथे शून्य पडलं.

गेल्या सोमवारपासून ताई बालवाडी सुटली की दुपारी दीड ते साडेपाच कोपऱ्यावरच्या पाळणाघरात जातात. पिशवीत एक वही असते, आणि रोजचे तास त्या पाळणाघरवाल्या काकूंच्या सहीने लिहून घेतात.